दार उघडं ठेवायचं काम कुणाचं?

सर, तुम्हाला मातीत ठेवून लोक घरी परतत होते, तेव्हा मी नगरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते.

सकाळी साडेदहाला तुमच्या घरून रिबकाकाकूंचा फोन आला. मी एका वस्तीवर लाळ्या-खुरकुताची लस टोचत होते. एका हातात सुई आणि कानाखांद्यात फोन. काकू दोनच वाक्यं बोलल्या. "संगीता, हे गेले. तीन वाजता नेणार आहेत." तुमच्यात थांबवत नाहीत हे मला माहीत होतं. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं हा त्याचा अपमान, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. पण आष्टीच्या माळावरून साडेचार तासांत पुण्याच्या दफनभूमीत पोचायचं कसं, त्याची सोय त्या नियमात कुणी केलेली दिसली नाही. मी पोचले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. रखवालदार म्हणाला, "आता उद्या या." मी भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिले आणि पहिल्यांदा जे आलं ते रडू नव्हतं, राग होता. तुमच्या नियमांचं आणि माझं कधी जमलंच नाही, सर.

नऊ वर्षांपूर्वी मी आपल्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी धनगराची पोर. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात हात घालतच लहानाची मोठी झालेली. नोकरीचा कागद घेऊन तुमच्या खोलीत आले. वाऱ्यानं माझ्यामागे दार आपटून बंद झालं, तसे तुम्ही खुर्चीतून उठलात, दार उघडलंत, कोपऱ्यातली एक वीट पायानं सरकवून त्याला लावलीत आणि परत येऊन बसलात. मग म्हणालात, "बसा मॅडम." मला वाटलं, उकाडा असेल.

आठ दिवसांत कळलं की उकाड्याचा संबंध नाही. तुम्ही माझ्याबरोबर बंद खोलीत बसत नव्हता. औषधाच्या कोठीत मी असले तर तुम्ही बाहेरूनच बाटली मागायचात. आणि गावोगाव फिरतीवर जाताना परिचर भानुदासमामा सोबत असले तरच मला गाडीत घ्यायचात. मामा रजेवर असले की मी दवाखान्यात रजिस्टर लिहीत बसायची आणि तुम्ही एकटे जायचात.

मी मामांना विचारलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "डाक्टर यहुदी हायेत. त्यांच्यात तसंच ऱ्हातंय. शनवारी काम न्हाई, अन् परक्या बाईसंगं एकटं बसायचं न्हाई. मानूस लई चांगला हाय पर."

गावात तुम्हाला कुणी ख्रिश्चन समजायचं, कुणी कोकणातले बामण. झिराडकर आडनाव ऐकून एका सरपंचानं तर तुम्हाला सत्यनारायणाला यजमानाशेजारी बसवलं होतं. तुम्ही हसत उठलात आणि त्याच्या आजारी गाईकडे गेलात.

मला मात्र हसू येत नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस मला काय समजतो? मी त्याच्या अंगावर पडणार आहे, की तो माझ्या? दोन्हीत अपमान माझाच. शेवटी तीन महिन्यांनी मी तुम्हाला विचारलं. उघड्या दारातच विचारलं. "सर, तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई का?"

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "विश्वासाचा प्रश्नच येऊ नये म्हणून तो नियम आहे, मॅडम. हिच्याबरोबर बसतो आणि तिच्याबरोबर नाही, असं मी केलं तर तिचा अपमान होईल. म्हणून कुणाबरोबरच नाही. माझ्या सख्ख्या मेव्हणीबरोबरसुद्धा नाही."

"आणि तुमचा स्वतःवर?"

"तो तर मुळीच नाही," तुम्ही म्हणालात. "माझे मामा प्रार्थनाघरात मुलांना शिकवायचे. ते सांगायचे, बाकी सगळ्या बाबतीत माणसावर राखणदार नेमता येतो, या एका बाबतीत नाही. मोठमोठे विद्वान स्वतःला ओळखत नव्हते, तिथं मी ढोरांचा डॉक्टर. मी वाईट आहे असं तो नियम म्हणत नाही. मी माणूस आहे, एवढंच म्हणतो."

तुमच्यात त्या एकांताला यिहूद म्हणतात, हेही तेव्हाच सांगितलंत. रस्त्यावरून दिसेल असं दार उघडं असलं, पुरुषाची बायको किंवा बाईचा नवरा सोबत असला, तर तो एकांत धरत नाहीत. आता तुमच्यातही फारसं कुणी पाळत नाही, पण तुम्ही आईला शब्द दिला होता. तुमचं बोलणं ऐकून मी शांत झाले नाही, पण गप्प बसले. माणूस खोटं बोलत नव्हता.

आणि हेही मी विसरलेले नाही. पहिल्या वर्षी एका शेतकऱ्यानं दावणीपाशी मला बघून तोंड वाकडं केलं, "बाई कशाला आनली, डाक्टर?" तुम्ही हातमोजा काढून माझ्या हातात दिलात. "मॅडमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तुमची गाय मला विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका." तुम्ही मला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायचात, म्हणून सगळा तालुका मला मॅडम म्हणायला लागला. टाके घालणं, गाभण तपासणं, पोटफुगीला नळी घालणं, सगळं तुम्ही शिकवलंत. मामा कंदील धरून उभे असायचे आणि तुम्ही दोन हात लांब थांबून सांगायचात, अजून थोडं डावीकडे, घाई नको. काकूंनी सणाला पाठवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा माझ्या घरी दोन दिवस पुरायचा. तुम्ही चांगले होता, सर. तुम्ही चांगले नसता तर माझं काम सोपं होतं.

मग ती म्हैस आली.

ठकूबाई म्हणून एक म्हातारी, विधवा, चौदा किलोमीटरवरच्या वस्तीत राहायची. एकच म्हैस. दुपारी दोन वाजता तिच्या शेजाऱ्याचा फोन आला की म्हैस सकाळपासून अडलीय, पाय दिसतायत, पुढे काही येत नाही. मामा त्या दिवशी भाचीच्या लग्नाला धर्मापुरीला गेले होते. मी बॅग भरून गाडीपाशी उभी राहिले. रेडकाची मान मागे वळली असणार, हे फोनवरूनच कळत होतं. अशा वेळी बारीक, लांब हात लागतो. तुमचा दंड जाड. हे तुम्हालाही माहीत होतं.

तुम्ही गाडीचं दार उघडलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "मॅडम, तुम्ही तुमच्या स्कूटीवरून या. मी पुढे होतो."

मधला आठ किलोमीटरचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. नुसता माळ, वाटेत एक घर नाही. मी तुमच्या धुळीमागून निघाले आणि अर्ध्यात स्कूटीचं मागचं चाक बसलं. फोनला रेंज नव्हती. मी गाडी ढकलत चालले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं मला घेतलं. मी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते.

तुम्ही शर्ट काढून गोठ्यात गुडघ्यांवर होता, खांद्यापर्यंत रक्त. तुम्ही नुसती मान हलवलीत. मी हात घातला. रेडकाचं नाकाड माझ्या बोटांना लागलं, मी ते तळव्यात धरलं, मागे ढकलून मान फिरवली आणि दहा मिनिटांत रेडकू बाहेर आलं. मेलेलं. म्हशीनं उठायचा एकदा प्रयत्न केला. दिवस मावळायच्या आत तीही गेली.

ठकूबाई तुमच्याशी एक शब्द बोलली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लेकी, तुझ्या हातानं दहा मिंटात झालं की गं. तू आदी कावून न्हाई आलीस?"

काय सांगणार होते मी तिला? डॉक्टर आणि मी एका गाडीत बसलो असतो तर कुठल्या तरी जुन्या काळातला एक नियम मोडला असता, असं? मी म्हणाले, "गाडी पंक्चर झाली, आजी." तुम्ही ते ऐकलंत.

परतताना तुम्ही तुमची गाडी हळू चालवत होता आणि मी ट्रॅक्टरवर मागे. फाट्यावर मी तुम्हाला थांबवलं. चहाच्या टपरीसमोर, चार माणसांदेखत मी ओरडले. "नियम पाळला गेला, सर, म्हैस मेली. तुमच्या देवाला हिशेबात हे कुठं दाखवणार?"

तुम्ही म्हणालात, "ओरडा. बरोबर आहे."

"मला बरोबर न्हाई म्हनायचं! मला सांगा, तुमच्या पापाच्या भीतीचं ओझं माझ्या स्कूटीवर कावून?"

तेव्हा तुम्ही मला तुमच्या धर्मग्रंथातली राजाच्या मुलीची गोष्ट सांगितलीत. मला वाटतं, तुम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. टपरीच्या बाकावर बसून, हात न धुता.

एका राजाची मुलगी. तिचा सावत्र भाऊ आजारी पडल्याचं सोंग करतो आणि बापाला सांगतो, बहिणीनं माझ्यासमोर स्वतःच्या हातानं करून मला खाऊ घातलं तर बरं वाटेल. राजाच तिला पाठवतो. ती जाते, पीठ मळते, त्याच्यासमोर भाजते, ताटात वाढते. तो नोकरांना बाहेर घालवतो, तिला आतल्या खोलीत बोलावतो. नंतर तिला बाहेर काढून तिच्यामागे दाराला अडसर लावायला सांगतो. ती डोक्यावर राख ओतून, अंगातला झगा फाडून रस्त्यानं ओरडत जाते. राजाला राग येतो, पण तो मुलाला काही करत नाही. "त्यानंतर," तुम्ही म्हणालात, "आमच्या जाणत्यांनी ठरवलं. लग्न झालेल्या बाईबरोबर एकांत नको हे आधीपासून होतं. आता कुठल्याच बाईबरोबर नको. राजाच्या मुलीचं हे झालं, तर आपल्या मुलींचं काय, असं लोक म्हणायला लागले होते. हा नियम बाईची भीती वाटली म्हणून नाही झाला, मॅडम. एका बाईचं ओरडणं ऐकून झाला."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं, आमच्याकडच्यासारखंच असेल, बाई म्हणजे आगीजवळचं लोणी वगैरे. मग माझ्या डोक्यात दुसरंच आलं.

"तिला पाठवलं कुनी?"

"राजानं."

"मग राजावर कुठला नियम केला? अन् त्या भावावर? सगळ्यांनी मिळून खोलीवर नियम केला. आमच्यात रातच्याला मेंढरांभोवती जाळी लावत्यात, वाघर म्हनतात तिला. लांडग्यासाठी लावत्यात म्हनं. पर कोंडलं कोन जातं? मेंढरं. लांडगा मोकळाच."

तुम्ही चहाचा पेला बाजूला ठेवलात. "या नियमात वाघरीत मी बसलोय," तुम्ही हळूच म्हणालात. "मी स्वतःला कोंडून घेतलंय. तुम्हाला नाही."

"पर बाहेर मी ऱ्हायले की, सर. गाडीच्या बाहेर."

प्रार्थनाघरात शिकवणारे तुमचे मामा इथपर्यंत आले की पुस्तक मिटायचे, एवढंच तुम्ही म्हणालात.

पुढच्या आठवड्यात तुम्ही ठकूबाईकडे गेलात, आणि तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊन आलात. वरच्या कार्यालयात भांडून दवाखान्याला दुसरा परिचर मिळवलात, म्हणजे एक तरी कायम असावा. त्यानंतर मी एकही फिरती चुकवली नाही. पण माझा राग गेला नाही, आणि तुम्ही तो जावा म्हणून कधी काही बोललात नाही. हे मला त्या वेळी बरं वाटायचं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही निवृत्त झालात आणि पुण्याला गेलात. या वर्षी मला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या एका कार्यालयात पाठवलं, जनावरांच्या टॅगच्या नोंदी करायला. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. चौकशी चालू आहे.

एका दुपारी सगळे शिबिराला गेले होते. तिथल्या साहेबांनी मला रजिस्टर घेऊन आत बोलावलं. मी टेबलापाशी उभी राहिले. ते उठले, माझ्या मागून गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "साहेब, कडी काढा." ते हसले. "घाबरता काय, बसा की." मग माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हातानं रजिस्टर खिडकीच्या काचेवर मारलं. एकदा, दोनदा. बाहेर एक शेतकरी शेळी घेऊन थांबला होता. तो ओरडला, "कोन हाय आत? काय झालं वो?" साहेबांनी हात सोडला. मीच कडी काढली.

काचेवर रजिस्टर मारायचं मला कुठून सुचलं, माहीत आहे? कडी लागल्याबरोबर माझ्या डोक्यात तुमचा आवाज आला होता, की रस्त्यावरून दिसतं ते दार उघडं. मी खिडकी शोधली. एवढं तुमचं ऋण माझ्यावर आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण त्या वेळी मी तुमच्यावर फार चिडलेली होते.

का चिडले होते ते ऐका. घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. दत्ता वाईट माणूस नाही, दूध संकलन केंद्र चालवतो, माझ्या नोकरीचा त्याला अभिमान आहे. त्याचं पहिलं वाक्य होतं, "एकटी आत कावून गेलीस?" मी तक्रार दिली. तिथल्या मोठ्या बाबूंनी अर्ज घेतला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी झिराडकर साहेबांच्या हाताखाली सात वर्षं काढली ना? ते बायांना एकटं गाडीतबी घेत नव्हते. मानूस हुशार होता. तुमी त्यांच्याकडनं एवढंबी शिकला न्हाईत?"

तुम्ही स्वतःच्या गळ्यात घातलेली दोरी त्या बाबूनं काढून माझ्या गळ्यात घातली होती, आणि वर तुमचंच नाव घेतलं होतं.

म्हणून मी तुम्हाला फोन केला. शुक्रवार होता, संध्याकाळ होत आलेली. मी सगळं सांगितलं. मग मी म्हणाले, "समितीपुढं सुनावणी हाय. बाबू साक्षीला तुमचं नाव सांगनार हायेत. तुमी येऊन सांगाल का, की तो नियम तुमचा तुमच्यावर होता? माझ्यावर न्हाई?"

मग तुम्ही म्हणालात, "संगीता, मला विचार करू दे."

तुम्ही पहिल्यांदा मला नावानं हाक मारलीत. मला ते नको होतं. मला 'येतो' हवं होतं.

"त्यात इचार कसला, सर?"

"मी काय सांगेन त्याचा. तिथं माझ्या तोंडून एक शब्द वाकडा गेला तर तो तुझ्याविरुद्ध जाईल." मागे काकूंचा आवाज आला, दिवे लावायची वेळ झाली म्हणून. "आता शब्बाथ लागेल, उद्या मावळेपर्यंत फोन नाही. रविवारी फोन करतो."

रविवारी तुम्ही फोन केला नाहीत. सोमवारीही नाही. मी केला नाही, कारण मला राग आला होता. पुढचा रविवारही गेला. आणि नंतरच्या मंगळवारी सकाळी मी लस टोचत असताना फोन वाजला. तुमच्या घरचा नंबर बघून मला काय वाटलं असेल? वाटलं, आलं शेवटी उत्तर.

दफनभूमीच्या फाटकावरून मी तुमच्या घरी गेले. काकू जमिनीवर बसल्या होत्या, आरशावर चादर टाकलेली. त्यांच्याशेजारी बसले आणि सांत्वनाचं काही न बोलता मी विचारलं, "काकू, सर काही म्हनाले होते का?" मला अजून त्याची लाज वाटते. पण काकू रागावल्या नाहीत. "त्या रविवारी तीनदा फोन हातात घेतला," त्या म्हणाल्या. "तीनदा ठेवला. मी म्हटलं, करा ना. तर म्हणाले, तिनं मला म्हशीच्या दिवशी विचारलं तेच पुन्हा विचारलंय, आणि तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी विचारलं, कुठली म्हैस?"

तुम्ही काकूंना त्या म्हशीबद्दल इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं, सर! तुम्ही सगळं सांगितलंत, आणि काकूंनी जे विचारलं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "अहो, मग मला का नाही घेऊन गेलात? मी घरातच होते. मी मागच्या सीटवर बसले असते. तुमचा नियमही राहिला असता आणि म्हैसही."

दवाखान्यापासून तुमचं क्वार्टर पाच मिनिटांवर होतं.

"काय म्हनाले सर?"

"काही नाही. 'सुचलंच नाही' म्हणाले. मग दोन दिवस नीट जेवले नाहीत." काकूंनी पदर चेहऱ्यावर घेतला. "चाळीस वर्षं नियम पाळला, संगीता, पण त्यांना कधी वाटलंच नाही की त्यात माझाही काही उपयोग आहे."

मी तुमच्यासाठी तेव्हा रडले. आणि काकूंसाठी. माझ्यासाठी सुद्धा थोडं.

सुनावणी परवा झाली. काकू आदल्या दिवशी एसटीनं एकट्या आल्या. मी नको म्हणत होते, अजून महिना झालेला नव्हता. त्या म्हणाल्या, सात दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं ते मी पाळलं, आता मला कुणी अडवू नये.

समितीत तीन बायका आणि एक पुरुष. बाबू आधी आत गेले आणि अपेक्षेप्रमाणे तुमचं नाव घेऊन बाहेर आले. मग मला बोलावलं. अध्यक्षबाई मवाळ होत्या, पण त्यांनीही तेच विचारलं. "आपण एकट्या आत का गेलात?"

मी म्हणाले, "मॅडम, मला कामासाठी बोलावलं म्हणून गेले. मी कामावर होते. कडी मी लावली नाही. ज्यांनी लावली त्यांना विचारा, का लावली."

"पण आधीच्या डॉक्टरांकडे आपल्याला अशी पद्धत माहीत होती, असं साक्षीत आलं आहे."

"त्याबद्दल बोलायला त्यांच्या पत्नी बाहेर बसल्या आहेत."

त्यांनी आपसात बघितलं आणि काकूंना आत घेतलं. काकू बसल्या नाहीत. पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली. त्यांचं बोलणं मी शब्दशः ऐकलं, कारण त्या तितकं सावकाश बोलल्या. "माझे यजमान परक्या बाईबरोबर बंद खोलीत बसत नसत. दार उघडायला ते स्वतः उठत. कधी कुठल्या बाईला त्यांनी विचारलं नाही, की तू आत का आलीस. आमच्यात दार उघडं ठेवणं पुरुषाचंही काम आहे. जो दार लावतो, त्याला नियम लागू होतो. त्यांचं नाव घेऊन या मुलीला कुणी दोष देत असेल, तर तो त्यांना ओळखत नव्हता."

टंकलेखक थांबला. अध्यक्षबाई त्याला म्हणाल्या, "सगळं लिहा."

मला मोकळं वाटलं आणि त्याच क्षणी तुमचा फार राग आला. हे इतकं सोपं होतं. ही पाच-सहा वाक्यं तुम्ही त्या शुक्रवारी फोनवर बोलू शकत होता. टपरीवर बोलू शकत होता. तुम्हाला सगळं येत होतं, राजाची मुलगी, तुमचे मामा, कुठला पंडित काय म्हणाला, आणि काकूंना ते काहीच येत नव्हतं.

दुपारी मी काकूंना स्टँडवर सोडायला गेले. दत्ताही आला होता. त्यानं त्यांची पिशवी वर ठेवली, पाया पडला आणि मला म्हणाला, "मी त्या दिशी चुकीचं इचारलं." एवढंच. निकाल यायला वेळ लागेल, साहेब अजून खुर्चीवर आहेत, बाबू मला बघून खाकरतात. पण एवढं झालं.

गाडी सुटायला पाचेक मिनिटं होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी खाली उभी राहून विचारलंच. "काकू, खरं सांगा. सर आले असते का?"

कुणीही दुसरं असतं तर म्हणालं असतं, अगं आलेच असते. काकूंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि विचार केला. कंडक्टरनं दोरी ओढली तरी त्या विचारच करत होत्या.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला, पण हे मला माहीत नाही."

गाडी गेली. मी तिथंच उभी राहिले. मलाही माहीत नाही, सर. आणि आता ते सांगू शकेल असं कुणीच उरलेलं नाही.